धूम्रकेतनाची परण

एका राज्यात चौसष्ट बुरुजांचा किल्ला होता आणि किल्ल्यात एका परणेची दहशत होती. परण म्हणजे पखवाजावर वाजवायचा बोलांचा लांबलचक बंध. त्याची शेवटची थाप समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडावीच लागते. ही परण धूम्रकेतन मांत्रिकाने रचून ताम्रपटावर कोरली होती. जो चुके त्याचे हात लाकडाचे होत, आणि तिसऱ्या दिवशी मावळतीला लाकूड काळजाला भिडे. तरी राज्याचे भूषण म्हणून राजा दर दसऱ्याला एका वादकाला बसवीच! एकतीस जण लाकडी पुतळे होऊन किल्ल्याच्या अंगणात उभे होते. धूम्रकेतन गादीवर पान चघळीत म्हणे, "रियाज कमी पडला." वा रे शहाण्या!

बत्तिसावा भानोबा. त्याचे हात कोपरापर्यंत शिसवी झाले. त्याच्या पखवाजाच्या चामडी वाद्या ताणणारी त्याची लेक हौसा त्याला घास भरवू लागली.

"पोरी, माझ्याच हातांत खोट," भानोबा म्हणाला.

खिडकीत तांबट पक्षी टुक् टुक् करीत होता. तो म्हणाला, "खोट हातांत नाही. परण मोज."

हौसा चपापली. थोरांचा बोल मोजणे म्हणजे महापाप, अशी त्या राज्यातल्या वादकांची रीत. थोरांचे नाव घेताना कानाची पाळी धरायची आणि निमूट वाजवायचे. पण बाप डोळ्यांदेखत लाकूड होत होता. तिने बोटांवर मोजले. बारा मात्रांची नऊ आवर्तने, म्हणजे हव्यात एकशे आठ. भरल्या एकशे सात! पुन्हा मोजले, तेवढ्याच. मेल्याने एक मात्रा चोरली होती! सम येणार कुठून, डोंबलाची?

तिसऱ्या दिवशी ती दरबारात शिरली. तांबट तिच्या खांद्यावर होता.

"महाराज, रचणाऱ्याने वाजवावे."

"गुरूची परीक्षा? शिव शिव!" वादक ओरडले, आणि त्यांनी कान धरले.

"यांना ही परण वाजवताना कुणी पाहिले आहे?" हौसाने विचारले.

कुणीच पाहिले नव्हते. इतक्या वर्षांत एकानेही विचारले नव्हते! राजा खजील झाला. म्हणाला, "धूम्रकेतना, तीन संधी. ताम्रपटातले अक्षर बदलायचे नाही. बैस."

तांबटाने मात्रा धरल्या. पहिल्या खेपेला थाप समेआधीच पडली. "पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापलेली कणीक ओली आहे," मांत्रिक म्हणाला, आणि त्याची बोटे लाकडाची झाली. हौसाने कणीक बदलली. दुसऱ्या खेपेला तेच. "वाद्या सैल आहेत." मनगटे गेली. नाचता येईना, अंगण वाकडे! हौसाने वाद्या आवळल्या. तिसऱ्या खेपेला त्याने लाकडी हात कसेबसे आपटले. थाप पुन्हा एक मात्रा आधी पडली. आता नाव ठेवायला काहीच उरले नाही.

"किती भरल्या?" राजाने विचारले.

"एकशे सात," तांबट म्हणाला.

शाप उलटला. धूम्रकेतन नखशिखांत लाकूड झाला. ताम्रपट तडकला. अंगणातले एकतीस पुतळे पुन्हा माणसे झाले आणि हात चोळीत उभे राहिले. राजाने दवंडी पिटवली, की या राज्यात मोजल्यावाचून कोणताही बोल वाजणार नाही.

हौसा धावत घरी आली. भानोबा आपली दहा बोटे उघडमीट करीत बसला होता. तिने सारे सांगितले.

"म्हणजे माझे हात खोटे नव्हते?" त्याने विचारले.

"नव्हते, बाबा!" हौसा संतापाने रडत म्हणाली. "बत्तीस जणांत एकाचेही नव्हते!"