दोऱ्याबाहेरचा घास

एका राज्यात एक राजा होता, रत्नकेतू त्याचं नाव, आणि जे झालं त्याचा दोष त्याचाच होता. मांत्रिकाचा नव्हता, नशिबाचा नव्हता, ग्रहांचा तर नव्हताच. त्या राज्यातले म्हातारे आजही या तिघांवर दोष वाटून देतात आणि जेवायला बसतात. त्यांना बसू द्यावं. दोष राजाचा होता, आणि त्याला तसं वागायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांचा.

त्या राज्यात आग्रहाची रीत होती. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की खरं वाढप सुरू व्हायचं. ज्याच्या घरचा पाहुणा धापा टाकत उठे, तो घरंदाज. ज्याचा पाहुणा सहज उठे, तो चिक्कू. वर्षाला दोन-चार माणसं पंगतीतच मरत. त्यांच्या घरी मानाचा शेला पाठवला जाई.

राजाला एकच लेक, मृणाल. राणी बाळंतपणात गेली होती. लेकीला बारावं सरलं त्या दिवशी राजाने पंगत घातली, आणि डोंगरातून जटाळ नावाचा मांत्रिक उतरून पंगतीला बसला. त्याचं व्रत होतं, दिवसाला तीन मुठी भात. त्या व्रतावर त्याची सगळी विद्या उभी होती. तीन मुठी झाल्या. त्याने हात आडवा धरला.

राजाचे चुलते धूम्रराज शेजारीच होते. सत्तरी उलटलेली, पोट पानाला टेकलेलं. ते म्हणाले, "रत्नकेतू, पाहुणा तीन मुठींवर उठला तर घराण्याचं काय राहिलं?"

राजाने चौथी मूठ उचलली. "आमच्यासाठी एवढी," म्हणाला. दोन सेवकांनी मांत्रिकाचे हात धरले, राजाने घास भरवला. याला तिकडे प्रेम म्हणत.

मांत्रिकाने घास गिळला. तोंड पुसलं. "चाळीस वर्षांची विद्या गेली," तो म्हणाला. "एक शाप तेवढा शिल्लक आहे, तो देऊन मोकळा होतो. राजा, तुझी लेक साप होईल. ज्याची ती लेक, त्याच्या हातून, पोटाला पेलेल तेवढंच खाऊन तिने तीन काती टाकल्या, की ती पुन्हा माणूस होईल."

"आणि जास्त झालं तर?" राजाने विचारलं.

"जास्त होऊ शकतं, हे तुला कळतं म्हणजे," मांत्रिक म्हणाला आणि निघून गेला. पाटावर मृणाल नव्हती. करंगळीएवढा साप वेटोळं करून बसला होता.

राजाने सापापुढे दूध ठेवलं, केशरभात ठेवला, भाजलेली लावी पाखरं ठेवली. दहा दिवस सापाने कशाला तोंड लावलं नाही. राजवाड्यात एक बोलकी साळुंकी होती. ती पाहिलेलं तसंच्या तसं सांगे, म्हणून दरबारात तिला कोणी विचारत नसे. अकराव्या दिवशी राजाने विचारलं.

"नदीपलीकडे भिवरा गारुडीण राहते," साळुंकी म्हणाली. "तिच्याकडचे साप म्हातारे होऊन मरतात."

भिवरा आली. चाळिशीची बाई, मागेपुढे कोणी नाही, बोलणं तुटक. तिने कमरेचा तांबडा दोरा काढला, सापाच्या पोटाला, सर्वांत जाड असतं तिथे, एक वेढा घातला आणि तेवढाच तोडला.

"महाराज, सापाला चावून खाता येत नाही. अख्खं गिळावं लागतं," ती म्हणाली. "हा दोरा भक्ष्याच्या पोटाला गुंडाळायचा. टोकं भेटली तर द्यायचं. नाही भेटली तर परत न्यायचं. खाल्ल्यावर दोन दिवस तिला हात लावायचा नाही. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात येते आहे, तेव्हा काही द्यायचं नाही."

"आणि तिला भूक राहिली तर?"

"आठवड्याने पुन्हा द्या. थोड्या भुकेने साप मरत नाही. कोंबल्याने मरतो."

धूम्रराज कोपऱ्यातून म्हणाले, "आणि भक्ष्य कसलं?"

"उंदराचं. डोळे न उघडलेलं पिल्लू."

"राजकन्येला उंदीर."

"साप तुमच्याएवढा असता तर हत्ती सांगितला असता, थोरले महाराज," भिवरा म्हणाली. राजा हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा हसला.

मग राजा शिकला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मुकुट काढून ठेवायचा, फरशीवर बसायचा, दोरा गुंडाळायचा, टोकं भेटताहेत का ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायचा. चार महिन्यांनी पहिली कात पडली. साप अंगठ्याएवढा झाला आणि त्याला एक शब्द बोलता येऊ लागला. तो शब्द होता, आबा. भिवराने नवा दोरा तोडला. राजा आता केस फुटलेलं पिल्लू देऊ लागला. आणखी सहा महिन्यांनी दुसरी कात पडली, साप मनगटाएवढा झाला आणि मृणालची सगळी वाचा परत आली. भिवराने तिसरा दोरा तोडला. आता भक्ष्य होतं एक पुरता वाढलेला उंदीर, आठवड्याला एक.

"आबा, तुमच्या हाताला उंदराचा वास येतो," मृणाल म्हणे.

"मग काय गुलाबाचा यावा?"

"नको. गुलाब मी खात नाही."

असे ते दोघं. आणखी तीन महिने असेच गेले असते तर तिसरी कातही पडली असती. तीनच महिने.

पण राज्यारोहणाच्या वर्धापनाचा दिवस आला. त्या दिवशी राजाने भर दरबारात आपल्या अपत्याला स्वतःच्या हाताने घास भरवायचा, अशी प्रथा. या वर्षी शेजारचे तीन राजे पाहुणे होते.

आदल्या दिवशी धूम्रराज राजाकडे आले. "तीन राजे बघणार. त्यांच्यासमोर तू लेकीला उंदीर भरवणार. तोही एक."

"काका, दोरा तेवढाच आहे."

"दोरा गारुडणीचा आहे. घराणं आपलं आहे. तुझ्या बापाने तुला हिच्या वयात अख्खा मोर भरवला होता."

"मी आठ दिवस आजारी होतो."

"पण लोकांनी पाहिलं ना?"

राजा रात्रभर विचार करत बसला, असं म्हातारे सांगतात. विचार कसला. ज्याला उत्तर ठाऊक असतं आणि नको असतं, तो बसून राहतो.

दरबार भरला. चांदीच्या ताटात पांढरा ससा आला, मारून, हार घालून. भिवराने कोणाला न विचारता पुढे होऊन सशाच्या पोटाला दोरा लावला.

"चार बोटं कमी पडतो, महाराज."

"सशाला लोकर असते," धूम्रराज म्हणाले. "दबेल."

"लोकर दाबूनच सांगते आहे. आत हाडं आहेत."

"चार बोटं कमी," साळुंकी खांबावरून म्हणाली. सेवकाने तिच्यावर कापड टाकलं. कापडाखालून ती पुन्हा म्हणाली, "चार बोटं."

मृणालने मान उचलली. हळूच, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "आबा, मला एवढं नको."

सापाला हात नसतात. पानावर आडवा धरायला तिच्याकडे काही नव्हतं.

राजाने तीन राजांकडे पाहिलं. चुलत्याकडे पाहिलं. मग ससा उचलून लेकीच्या तोंडाशी नेला आणि म्हणाला, "आमच्यासाठी एवढं."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. बापाने मागितलं म्हणून उघडलं, दुसरं कारण नव्हतं. ससा आत जायला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत वेळ लागला. मधेच तिची कातडी इतकी ताणली की खवल्यांमधून आतली पांढरी लोकर दिसली. राजांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाला, वा, याला म्हणतात घराणं. मग धूम्रराजांनी तिला पालखीत ठेवून नगरभर मिरवलं. भिवरा पालखीमागून चालत होती. "दोन दिवस हलवायचं नाही," एवढंच म्हणत होती, प्रत्येक चौकात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मृणालने ससा ओकून टाकला. अख्खा, ओला, गळ्यातला हार तसाच. त्यामागून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर तिची वाचा गेली.

"आता काय करायचं?" राजाने विचारलं.

"पंधरा दिवस नुसतं पाणी," भिवरा म्हणाली. "मग पहिल्यासारखं, डोळे न उघडलेलं पिल्लू. आणि देवाचं नाव घ्यायचं असेल तर घ्या, मी अडवत नाही."

धूम्रराज बघायला आले. "ससाच वाईट निघाला," ते म्हणाले. "मी तर करडू सुचवणार होतो."

राजा फरशीवरचं रक्त पुसत राहिला. चुलत्याला उलट बोलायचं नसतं, हीही त्या राज्याची रीत होती.

पंधरा दिवसांनी राजाने चिमूटभर पिल्लू बोटांत धरून पुढे केलं. मृणाल मागे सरली. त्याने हात मातीने घासून धुतले, तरी ती मागे सरली. दुधाने धुतले, राखेने धुतले. प्रत्येक वेळी ती भिंतीपर्यंत मागे गेली आणि डोकं वेटोळ्यात खुपसून बसली. महिना गेला. ती पुन्हा अंगठ्याएवढी झाली. भिवराने हात पुढे केला तर मात्र त्यावर हनुवटी टेकवी.

"मी दिलं तर खाईल," भिवरा म्हणाली. "जगेल. पण तुमच्या हातचं नसेल, म्हणजे सापच राहील."

राजाने साळुंकीला मांत्रिकाकडे पाठवलं. ती तीन दिवसांनी परतली आणि निरोप जसाच्या तसा बोलली. "ज्याची लेक त्याच्या हातून, असं मी म्हटलं होतं. लेक दत्तक देता येते. उदक सोडावं लागतं. आणि सोडलेलं उदक परत भरता येत नाही."

धूम्रराज म्हणाले, "गारुडणीला दत्तक? गादीच्या वारसाला? रत्नकेतू, लोक काय म्हणतील?"

"काका," राजा म्हणाला, "तुम्ही बाहेर जा." आयुष्यात एकदाच म्हणाला. दोन महिने उशिरा म्हणाला.

भिवराने दोन्ही हात पुढे केले आणि थांबली. "महाराज, नीट विचार करा. मी परत देणार नाही."

"भेटायला आणशील?"

"ती म्हणाली तर."

राजाने झारी उचलली. भिवराच्या ओंजळीवर पाणी सोडताना अर्धं फरशीवर सांडलं. तरीही ते सोडलं गेलं.

भिवराने पुन्हा बारीक दोरा तोडला, पहिल्याएवढा. आठवड्याला एक पिल्लू. मग थोडं मोठं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सात महिन्यांनी सापाचे डोळे दुधाळ झाले, आणि आठव्या दिवशी तिसरी कात नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध उतरली. तिच्याशेजारी मृणाल बसली होती, वाळलेली, पण माणूस. डोंगरात जटाळच्या चुलीवर तीन मुठी भात आपोआप शिजला. शाप सुटला होता.

राजाने त्याच दिवशी दवंडी पिटवली की पानावर हात आडवा आला की वाढप्याने थांबायचं, न थांबेल त्याला शंभर फटके. पुढे त्या राज्यात पंगतीत कोणी मेलं नाही.

मृणालने भिवराचं गाठोडं उचललं. दारात राजा उभा होता. तिचा आवाज परत आला होता, जरा घोगरा. तिने वाकून नमस्कार केला.

"येते, महाराज," ती म्हणाली.

राजा दारातून बाजूला झाला. त्या दोघी नदी ओलांडून गेल्या.

राजा रत्नकेतू आणखी एकोणीस वर्षं जगला. त्याच्यामागे गादी धूम्रराजांच्या नातवाला मिळाली. राजा निःसंतान मेला.