देठाजवळचा तणावा

नदीकाठच्या मळ्यांना राखणदार नव्हता, त्या काळची ही गोष्ट. वाळूतल्या एका वेलावर कलिंगडं धरली होती. रोज दिवेलागणीला कोल्हा यायचा. पिकलेलं कोणतं हे त्याला कळत नसे, म्हणून हाती लागेल ते फोडायचा आणि कच्चं निघालं की थुंकायचा.

एकदा त्याने धाकट्या कलिंगडावर पंजा ठेवला. नखं सालीत रुतली तसा धाकट्याचा धीर सुटला.

"कोल्होबा, मी कच्चं आहे हो. तोंड कशाला खराब करता?"

"सगळी हेच म्हणतात. मग पिकलेलं कोण ते सांग."

"देठाजवळचा तणावा बघा, तो कुरळा तंतू. हिरवा असला तर फळ कच्चं, सुकला की पिकलं. माझा हिरवा आहे. शेजारच्या ताईचा बघा."

"मी तुझ्यावर सावली धरली होती रे," ताई एवढंच बोलली. कोल्ह्याने तिचा सुकलेला तणावा पाहिला आणि तिला फोडलं.

त्यानंतर त्याचा एकही घास वाया गेला नाही. नुसते देठ बघत तो हिंडायचा आणि पोटभर खाऊन जायचा. धाकटं उन्हापासून अंग चोरू लागलं, तरी त्याच्या पोटात गोडी भरतच होती.

एके सकाळी त्याच्या तणाव्याचं टोक तपकिरी झालं.

"तुझं पान जरा माझ्या देठावर ओढ," त्याने पलीकडच्या हिरव्या फळाला विनवलं.

"आणि पिकलेलं कोण म्हणून कोल्ह्याने मला विचारलं तर?"

"तो आता कुणालाच विचारत नाही," धाकटं म्हणालं.