मिटल्या तोंडाची मासळी

काठावर बसा, पण पाय पाण्यात घालू नका. हे तळं गोल दिसतं ना, इथूनच एके काळी डोंगराच्या पोटातली आग बाहेर पडली, असं शिकलेले लोक येऊन सांगून गेले. आमच्याकडे याला पणजोबापासून जळका डोंगरच म्हणतात. आग विझली, पाणी साठलं आणि त्यात मुकी नावाची मासळी झाली. बोटाएवढी असते, दुसऱ्या कुठल्या पाण्यात मिळत नाही. तिच्या पोटात अंड्यांची गाभोळी कधीच सापडत नाही. अंडी ती तोंडात धरते आणि पिल्लं सुटेपर्यंत उपाशी फिरते. पूर्वी ती अशी नव्हती म्हणे.

तेव्हा तळ्यावर मासे धरायचे ते भोयांनीच. त्यांचा नियम एकच. जाळ्यातल्या मासळीच्या पोटावरून अंगठा फिरवायचा आणि पोटुशी असेल तर ती पाण्यात परत सोडायची. हे काम धाकू भोयाची लेक गोजरा करायची. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, सातवा सरला होता. बसवत नव्हतं, तरी टोपलीपाशी बसायची.

त्या साली पावसानं दडी मारली. तळं आटत आटत मधला डोह तेवढा उरला. त्याचा तळ अजून कुणाला लागलेला नाही. नेमके तेव्हाच रंगराव पाटलाच्या सुनेला डोहाळे लागले आणि तिला मुकीची गाभोळी खावीशी वाटली. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो म्हणतात. पाटलानं टोपली मागवली. गोजरानं ती पाण्यात उपडी केली. ही उरलेली पोटुशी मासळीही गेली तर तळं कायमचं रिकामं होईल, मग भोयांची पोरं खातील काय, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पाटील चिडला नाही, असं सांगतात. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पंचांना काठावर बसवलं आणि गोजराला विचारलं, "पोटुशीला पाण्यात सोडायचं, हा तुमचाच नियम ना?"

गोजरा हो म्हणाली.

"मग तू कोण आहेस?"

पंच हसले म्हणे. मेल्यांना हसू आलं. अजूनही टोपली भरून दे, तुला घरी जाऊ देतो, असंही पाटील म्हणाला. गोजरानं तोंड मिटलं ते मिटलंच. तिला मधल्या डोहात सोडायचं ठरलं आणि तराफा तिच्या बापाला हाकायला लावला. नाही म्हणाला असता तर भोयांची सगळी घरं गावाबाहेर गेली असती. धाकूनं तो हाकला. सारा गाव काठावर उभा होता, कुणी आडवं आलं नाही.

मग पाटलाच्या माणसांनी मासळी धरून नेली. चिरली, तर एकीच्याही पोटात गाभोळी नाही, आणि सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली. सुनेला मुलगा झाला, तोही तोंड मिटून. दूध घेईना. पाचवी पुजायच्या आत गेला. त्या बिचारीचा यात काय दोष होता? पाटील मात्र म्हातारा होऊन अंथरुणात सुखानं मेला.

एवढं होऊन गाव शिकला काय, तर पोटुशीला डोहाळे विचारायचे नाहीत. म्हणजे पाप पाटलाचं आणि शिक्षा बायांना. म्हणून आमच्या बाया गुपचूप इथं येतात, पाण्याशी तोंड नेतात आणि काय खावंसं वाटतं ते मुकीला सांगतात. मी चिंच सांगितली होती.

अलीकडे कुणीतरी जास्त मासे मिळावेत म्हणून या पाण्यात मांगूर सोडला. तो दिसेल ते गिळतो. आता सांगायला आलं तरी ऐकायला मुक्या फारशा उरल्या नाहीत. पण ज्या आहेत त्या आजही तोंड उघडत नाहीत. परवा माझ्या सुनेनं एक मांगूर चिरला. तीही पोटुशी आहे. मांगुराच्या पोटात मेलेल्या मुक्या निघाल्या. तिनं एकीचं तोंड बोटानं उघडून पाहिलं. आत अंडी तशीच होती.