कासाराचा भुंग्या

नदीकाठच्या एका गावात अंबादास नावाचा कासार राहायचा. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन तो गावोगाव हिंडायचा आणि त्याचा काळा कुत्रा भुंग्या पुढे धावायचा. भुंग्याच्या गळ्यातल्या चामडी पट्ट्याचे घुंगरू वाजले, की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसायच्या. काय दिवस होते ते!

पुढे अंबादासचे गुडघे दुखू लागले आणि त्याने घराच्या ओसरीवरच दुकान मांडलं. आता बायका त्याच्याकडे यायच्या. तो हात हातात घ्यायचा, अलगद दाबायचा आणि न मोजता बांगडीचं माप सांगायचा. बांगड्या भरता भरता भुंग्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या. गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "नदीला पूर होता, तरी गडी पोहत पलीकडे गेला!" ऐकता ऐकता बायकाही जुन्या दिवसांत हरवून जायच्या.

भुंग्या मात्र कोपऱ्यात पडून असायचा. हाक मारली तर शेपटी हलवायचा, उठायचा नाही. भाकरी तशीच राहायची. "म्हातारा झाला बिचारा," असं म्हणून अंबादास पुन्हा पुराची गोष्ट सांगायचा.

एके दिवशी मेंढरं राखणारी बायडाबाई बांगड्या भरायला आली. भुंग्याकडे नजर जाताच तिने हात मागे घेतला.

"काका, किती वर्साचा हाय ह्यो?"

"सहा पुरी झाली."

"मंग म्हातारा कसा? कवापासनं असा पडतोय? पाणी तरी पितोय का?"

तीन वर्षांपूर्वी भुंग्या कुठे कुठे धावला, ते अंबादासला तोंडपाठ होतं. काल तो पाणी प्यायला की नाही, ते ठाऊक नव्हतं.

बायडाबाईने भुंग्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. मग तिने पट्टा सोडला. कौतुकाचा म्हणून अंबादासने तो कधी काढलाच नव्हता. पट्ट्याखाली गोचिडांची रांगच लागली होती.

"रगत पिलंय समदं. आजच्या आज डाक्तराकडं न्या. उद्याचं काय सांगता येत न्हाई."

अंबादासला रडू कोसळलं. "अख्ख्या गावाचे हात दाबून बघतो मी," तो म्हणाला, "आणि माझ्या भुंग्याच्या मानेवरून हात फिरवायचं मला सुचलं नाही!"

पेटी तशीच उघडी टाकून त्याने भुंग्याला शेजाऱ्याच्या बैलगाडीत घातलं. गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली, औषध दिलं आणि बजावलं, "अंगात रक्त भरायला वेळ लागेल. रोज मानेखाली, कानात बघत जा." भुंग्या वाचला. आठवड्याने त्याने अर्धी भाकरी खाल्ली, तेव्हा अंबादासने गल्लीत गूळ वाटला.

श्रावणात ओसरीवर बायकांची गर्दी झाली. एकीने हट्ट धरला, "काका, ती पुराची गोष्ट सांगा ना!"

"सांगतो," अंबादास म्हणाला. "थांब जरा, आधी याचे कान बघू दे."

तात्पर्य: आपल्या जिवाभावाच्या सोबत्याच्या जुन्या दिवसांचं कौतुक जरूर करावं, पण आज तो का थकला, हे आधी जवळ बसून, हात लावून बघावं.