येसबा सणगर आणि बंद घराचं गाणं

लेकींनो, सुनांनो, हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. फार वर्षांपूर्वी भोकरशेतात तीस-बत्तीस घरं होती आणि नदीला बारा महिने पाणी होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या खालच्या अंगाला येसबा सणगर राहायचा. सणगर म्हणजे मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारा. त्याला ना बायको, ना भाऊ, ना पोर. खड्ड्यातला माग आणि चिंचोक्याच्या खळीचं मडकं, एवढाच त्याचा संसार.

पण देवानं त्याच्या पदरात एक देणं घातलं होतं. गावात कुणी वारलं की येसबा त्या घरी जायचा, ओसरीच्या कडेला बसायचा आणि गेलेलं माणूस कसं होतं ते विचारायचा. चालायचं कसं, आवडीनं खायचं काय, रुसायचं कुणावर. मग तो मागावर बसायचा. तेराव्या दिवशी एक काळी घोंगडी घेऊन यायचा आणि घोंगडीबरोबर एक गाणं द्यायचा. काशी नावाची म्हातारी गेली तेव्हा त्यानं रचलं होतं,

पाण्याला गेली काशी, घागर ठेवून काठाशी,
तव्यावरली भाकर पुसते, कधी येशील घराशी.

एका घरच्यांनी त्याला बजावलं होतं, आमचा बाप घोरायचा तेवढं मात्र गाण्यात घालू नकोस, गाव हसेल. येसबानं नेमकं तेच घातलं. त्या घरची माणसं पुढं कितीतरी वर्षं त्याच ओळीपाशी यायची आणि तिथंच रडायची.

रात्री ती घोंगडी अंगावर घेतली की आतून गेलेल्या माणसाचा श्वास ऐकू यायचा, असं म्हणतात.

त्या गाण्यांचा एक नेम होता. ज्या घरचं गाणं त्याच घरानं म्हणायचं, वर्षातून एकदा, सर्वपित्री अमावास्येला, दार लावून. दुसऱ्यानं ते ओठावर आणायचं नाही. एका बाईनं झाडता झाडता शेजारणीच्या सासऱ्याचं गाणं गुणगुणलं, आणि आठ दिवसांत तिचा नवरा विहिरीत पडून गेला. तेव्हापासून लोक म्हणायचे, परक्याचं मरण तोंडात घेतलं की ते आपल्या घरात येतं.

मग गाठीचा ताप आला. गोंजाऱ्यांच्या घरातली पाच माणसं नऊ दिवसांत गेली. दाराला कडी घालायलाही कुणी उरलं नाही. ती शेजाऱ्यांनी घातली. येसबानं त्या पाचांचं मिळून एक गाणं केलं, पण द्यायचं कुणाला? म्हणून दर वर्षी सर्वपित्रीला तो स्वतःच त्या बंद दारापुढं उभा राहून ते म्हणायचा. लोक म्हणत, त्याला काय भीती, त्याच्या घरात मरायला दुसरं आहे कोण? तेही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. तो हसायचा, असं म्हणतात. कुणी म्हणतात, नाही हसायचा.

एके वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर येसबा मागावर बसल्या बसल्या गेला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या घोंगड्या ओल्या झाल्यासारख्या जड झाल्या. दोन माणसांना एक घोंगडी उचलेना, असं म्हणतात.

नागोजी कुंभार वयानं मोठा. त्यानं येसबाला अग्नी दिला. दहाव्या दिवशी सकाळी सगळं गाव नदीवर गेलं. पिंड मांडला. पुरुष पाण्याजवळ उभे राहिले, बायका वर करंजाच्या सावलीत बसल्या. पण कावळा येईना. आकाशात एक काळा ठिपका नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, कावळा शिवत नाही तोवर गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलेला असतो. नागोजी हात जोडून म्हणाला, येसबा, तुझा माग आम्ही मोडणार नाही. कावळा आला नाही. तुझ्या झोपडीत रोज दिवा लावू. तरीही नाही. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा, पिंडाला लावा आणि मोकळे व्हा. नागोजी काही केल्या ऐकेना. म्हणाला, ज्यानं आपल्या एकेका माणसाला शब्दांनी पोचवलं, त्याला गवतावर पोचवायचं का?

मग त्यालाच सुचलं. येसबासाठी कुणी गाणं केलेलं नाही, करू शकेल असं गावात कुणी नाही. पण त्याचीच गाणी घराघरांत आहेत. ज्यानं त्यानं आपापलं म्हणावं. उघड्यावर म्हणायला लोक कचरले, पण आपलं ते आपलं, त्यात दोष नव्हता. काशीच्या लेकानं सुरुवात केली. मग घोरणाऱ्या बापाचं झालं. एकेक घर उठत गेलं, पोटातलं दुःख नदीकाठी मांडत गेलं. आयुष्यभर शेजारी राहिलेल्या माणसांनी एकमेकांची गाणी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. कुणाच्या डोळ्याला पाणी नाही असं झालं नाही.

एकतीस गाणी झाली. कावळा आला नाही.

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. गोंजाऱ्यांचं राहिलं होतं. ते येत होतं फक्त हौसाला, कारण तिचं घर त्या बंद घराला लागून होतं आणि दर सर्वपित्रीला ते तिच्या भिंतीतून ऐकू येई.

हौसाला सात वर्षं मूल नव्हतं. तिनं सोळा सोमवार केले, चातुर्मासात मीठ सोडलं, बिरोबाच्या डोंगरावर अनवाणी चढली, तेव्हा कुठं एक मुलगी झाली. दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं भिकी. ती तीन वर्षांची भिकी त्या वेळी तिच्या मांडीवर पेंगत होती.

हौसानं पदर सारखा केला तशी तिची सासू बयाबाई हळू आवाजात म्हणाली,

"तोंड उघडायचंच असलं तर आधी ह्या पोरीकडं बघ, मग उघड."

हौसानं पोरीकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली,

"आत्याबाई, उद्या आपल्या दाराला अशीच कडी पडली, तर आपलं कोण म्हणंल?"

बयाबाईनं भिकीला ओढून आपल्या पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं. हौसा एकटीच पाण्यापर्यंत गेली. बिरोबाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून तिनं गोंजाऱ्यांचं गाणं म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

शेवटच्या ओळीला नदीपलीकडून पाच कावळे आले. पिंडाभोवती बसले, शिवले नाहीत. थोडे बाजूला सरकले. आणि त्यांच्या मधल्या जागेत सहावा उतरला, पिंडाला चोच लावली आणि गेला. मग ते पाचही त्याच्यामागं गेले, असं म्हणतात.

पण भीती काही त्यांच्याबरोबर उडून गेली नाही. ते वर्ष हौसानं कसं काढलं, तिचं तिला ठाऊक. भिकी शिंकली तरी आळीतल्या बाया कामं थांबवून बघायच्या. आपली पोरं तिच्याशी खेळायला पाठवायच्या नाहीत. बयाबाई सुनेशी बोलायची ती भांड्यांमधून. हौसा रोज देवापुढं बसायची आणि म्हणायची, देवा, मी परक्याचं मरण तोंडात घेतलं नाही, मी त्यांची आठवण घेतली. तुला फरक कळतो. आणि भिकी वाढत राहिली. आजारी पडली, बरी झाली, अंगातली झबली आखूड झाली.

पुढच्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या आली. बयाबाईनं सकाळीच दार सताड उघडलं, शेजारच्या परटिणीला हाक मारली, तिला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "माझ्या माणसाचं गाणं तू शिकून ठेव." मग सुनेच्या हाती भिकीला दिलं आणि गायला लागली.

भिकी नव्वद वर्षं जगली, असं म्हणतात.

आता भोकरशेतात माग नाहीत, घोंगड्याही सगळ्या झिजून गेल्या. येसबाच्या झोपडीच्या जागी नुसता एक धोंडा आहे. पण सर्वपित्री अमावास्येला गावात एकही दार बंद नसतं. आणि नवी सून उंबरठा ओलांडून आली की पाचव्या दिवशी सासू तिला बोट धरून शेजारच्या घरी नेते. तिला पहिलं गाणं शिकवतात ते सासरचं नाही, शेजाऱ्यांचं.