गवा, कासव आणि केळीचा गाभा

डोंगरांच्या मधोमध पसरलेल्या एका अफाट तळ्याच्या काठी एक गवा राहत असे. अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने हट्टी. त्या वर्षी वणव्याने अलीकडचे सारे गवत जळून गेले. कळप तळे पोहून पलीकडच्या हिरव्या उतारावर निघून गेला, पण गव्याचा पाय दुखावला होता, म्हणून तो एकटाच मागे राहिला. पाय बरा झाल्यावर तोही निघाला. तेव्हा काठावरचे म्हातारे कासव म्हणाले, "थांब, मी सोबत येतो." गवा हसला. "तू? मी बुडायला लागलो तर मला उचलशील का?" कासव म्हणाले, "उचलता नाही येणार. पण वाटेत खाऊ घालीन." त्याने रानकेळीच्या गाभ्याचे तुकडे वेलीत ओवले, वेल गळ्यात अडकवली आणि दोघे पाण्यात उतरले. वाट दाखवायला एक बगळीही वरून उडू लागली.

थोडे अंतर गेल्यावर कासवाने एक तुकडा गव्यापुढे सरकवला. "मला भूक नाही," गवा म्हणाला. "भूक लागेपर्यंत थांबलास, तर उशीर होईल रे," कासव म्हणाले. पण गव्याने ऐकले नाही. पुन्हा दिला, पुन्हा नाही. बगळीला वाटले, याला धीर द्यावा. ती ओरडली, "आलाच काठ! आता थोडंच राहिलं!" ते ऐकून गवा जोरजोरात पाय मारू लागला. काठ काही आला नाही. ऊन चढले, वारा सुटला, लाटा नाकातोंडात जाऊ लागल्या. गव्याचे पाय जड झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो चक्क मागे वळून, आला होता त्याच दिशेने पोहू लागला. कासव आडवे आले, तसा तो खेकसला, "हो बाजूला! तुझ्यामुळेच उशीर झाला. मला तुझं तोंडही पाहायचं नाही!"

बगळीला राग आला. "चल, जाऊ आपण परत. इतकं करून वर बोलणीच खायची?" कासव म्हणाले, "अगं, तो नाही बोलत, त्याची भूक बोलतेय. भरल्या पोटी असं बोलला, तर मीही रागावेन. तू आधी खरं सांग, काठ किती दूर आहे?" बगळी खजील झाली. "जेवढं आलो, तेवढंच अजून जायचंय. त्याला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणाले." मग कासव गव्याच्या अगदी नाकापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "हे बघ, अर्धं झालंय, अर्धं उरलंय. पण काठाचं राहू दे. तू फक्त हा एक घास खा. पुढचं पुढे बघू."

भांडायचेही त्राण गव्यात उरले नव्हते. त्याने तोंड उघडले. पहिला घास लाटेने बाहेर काढला, दुसरा कसाबसा पोटात गेला, मग तिसरा. हळूहळू त्याची नजर निवळली. कुठे निघालो होतो, हे त्याला आठवले आणि तो निमूटपणे वळला. त्यानंतर कासवाने तुकडा पुढे केला की तो मुकाट्याने खाई आणि पुन्हा पाय मारू लागे. बगळी आता ओरडत नव्हती. ती समोर, पाण्यालगत, सरळ उडत होती. उन्हे कलली तेव्हा गव्याच्या खुरांना चिखल लागला.

तो थरथरत काठावर उभा राहिला. वरून कळपाने हंबरून हाक दिली, पण तो गेला नाही. मागून कासव धापा टाकत चिखलातून वर येत होते. गवा खाली मान घालून म्हणाला, "मी तुला काय काय बोललो!" "मला ऐकू कमी येतं," कासव म्हणाले आणि तिथेच बसले. तेव्हा कुठे गव्याच्या लक्षात आले, की दिवसभरात कासवाने स्वतः काहीच खाल्ले नव्हते. समोर कोवळे लुसलुशीत गवत होते आणि पोटात आग पडली होती, तरी त्याने पहिला घास तोडला तो कासवापुढे ठेवला. "आधी तू खा," तो म्हणाला.

तात्पर्य : पुरते थकण्याआधीच सोबत्याने दिलेला घास घ्यावा, आणि सोबत करणाऱ्याने थकलेल्याच्या शब्दांचा राग धरू नये.