शपथेवाचून काम

एका राज्यात माणसांपेक्षा पक्षी अधिक बोलत. राजाचं नाव तेजोवर्मा, त्याच्या मांत्रिकाचं नाव भस्मकेतू. राज्याचा नियम असा, की अठरावं वर्ष लागलं म्हणजे प्रत्येकानं तीन दिवसांत धंदा निवडावा आणि तिसऱ्या सूर्यास्ताला दरबारात त्याचं नाव घ्यावं. नाव घेताच मांत्रिक काळा दंड पुढे करी आणि विचारी, “या धंद्यानं कुणाही जिवाला दुःख होणार नाही, अशी शपथ घेतोस?”

निर्लज्ज माणसं चटकन शपथ घेत आणि घरी जाऊन जेवत. सरळ माणसं अडखळत आणि गप्प होत. दंड त्यांच्या खांद्याला लागे, त्यांना पंख फुटत आणि ती राजबागेत उडून जात.

होता होता राज्यातली सगळी सरळ माणसं झाडांवर बसली. खाली तराजू खोटे झाले, पूल खचले, वैद्य औषधात पीठ मिसळू लागले. राजाला वाटे, काळच वाईट आला.

त्या नगरात उत्पला नावाची मुलगी होती. विहारातल्या भन्तेंकडून तिनं पंचशील घेतलं होतं आणि ती ते पाळत होती. तिचा थोरला भाऊ शोणक दोन वर्षांपूर्वी तांबट पक्षी झाला होता. आता तिची पाळी आली. तिला पक्षी व्हायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी राजानं तिला शस्त्रशाळेत धाडलं. तिथल्या तलवारी बोलत. एक म्हणाली, “मला धार लाव. तुझ्या सात पिढ्या बसून खातील.”

“कुणाच्या मानेसाठी धार?”

“मान कुणाचीही चालते.”

उत्पलेनं तलवार होती तिथे ठेवली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तिला मद्यशाळेत धाडलं. तिथले रांजण रडत. पिणाऱ्याच्या घरी जे कुणी रडत असेल, त्याचा आवाज रांजणातून येई. मद्यशाळेचा मुख्य म्हणाला, “पोरी, कानांत कापूस घाल. सवय होते.”

“तुम्हाला झाली?”

“चौदा वर्षं झाली,” तो म्हणाला आणि कानांतला कापूस बदलू लागला.

तिसरा दिवस स्वतः शोधण्याचा. सकाळीच उत्पला राजबागेत गेली. सगळे पक्षी तिच्याभोवती जमले.

“दादा, मी विणकर होऊ?”

“टुक! रेशमासाठी किडे उकळतात,” शोणक म्हणाला.

“सूत विणीन.”

“कपाशीवरच्या अळ्या कोण मारतं? विचार शेतकऱ्याला,” साळुंकी म्हणाली.

“मग वैद्य?”

“मुळी उपटावी लागते,” पोपट म्हणाला. “मी वैद्यच होणार होतो.”

“आणि दादा, तू?”

शोणकानं मान खाली घातली. “मी विहिरींचा गाळ काढणार होतो. पहिल्याच दिवशी फावड्याखाली बेडूक मेला. संध्याकाळी शपथ कुठल्या तोंडानं घेऊ?”

“मग विहिरीचं काय झालं?”

“तशीच राहिली.”

“आणि तू इथे उंबरं खातोस.”

“टोमणे मारू नकोस, उत्पले. उंबरांतही किडे असतात. फार त्रास होतो.”

उत्पला हसली नाही. पाटी, फावडं आणि दोर घेऊन ती थेट त्या विहिरीवर गेली. काठावर बायका फडक्यातून चिखल गाळून पाणी भरत होत्या. उत्पला आत उतरली. आधी तिनं गाळ हातानं चाचपला. बेडूक, खेकडे, गोगलगाई पाटीत भरून वर पाठवल्या. बायकांनी ती पाटी ओढ्यात रिकामी केली. मग तिनं फावडं घातलं. प्रत्येक थर असाच चाचपायचा, पाटी पाठवायची आणि मगच खणायचं. काम हळू चाललं. अकरा पाट्या भरून जीव सुखरूप वर पोचले. दुपार कलताना फावड्याखाली मऊ काहीतरी लागलं. एक बेडूक राहून गेला होता.

उत्पलेनं फावडं बाजूला ठेवलं. वरून एका बाईनं हाक मारली, “काय गं, थांबलीस?”

“एक मेला, मावशी.”

“मग? येतेस वर?”

उत्पलेनं खालचा गाळ पाहिला, वरचे रिकामे हंडे पाहिले. “नाही. दोर सोडा. आता बोटभर थर काढते, कोपरभर नाही.”

सूर्य टेकला तेव्हा विहिरीला स्वच्छ झरा लागला आणि चिखलानं माखलेली उत्पला दरबारात उभी राहिली. सगळे पक्षी गवाक्षांत येऊन बसले.

“धंदा?” राजानं विचारलं.

“विहिरींचा गाळ काढणं, महाराज.”

भस्मकेतूनं दंड पुढे केला. “कुणाही जिवाला दुःख होणार नाही, अशी शपथ घेतेस?”

“नाही. आजच माझ्या हातून एक बेडूक मेला.”

“म्हणजे धंदा सोडलास.”

“सोडला नाही. खोटी शपथ घेणार नाही आणि कामही टाकणार नाही. पाणी पिऊन सारी पेठ जगते. मी जपून खणीन. चुकले तर चुकले म्हणेन आणि दुसऱ्या दिवशी अधिक जपेन. तलवारीला आणि मद्याला मी शिवणार नाही, कारण तिथे दुःख हाच माल आहे. इथे ती चूक आहे. चूक कमी करता येते.”

भस्मकेतूनं दंड तिच्या खांद्याला लावला. काही झालं नाही. शपथ घेणारे त्यानं पाहिले होते, गप्प राहणारे पाहिले होते. खरं सांगून कामाला चिकटून राहणारं माणूस त्या दंडाला कधी भेटलंच नव्हतं. दंड टोकापासून मुठीपर्यंत उभा चिरत गेला.

गवाक्षातून पोपट ओरडला, “वैद्य! मुळी उपटीन, पण बी पेरीन!” आणि त्याचे पंख गळाले. साळुंकी ओरडली, “विणकर!” तिसरा म्हणाला, “तराजूवाला!” चौथा म्हणाला, “पूल बांधणारा!” सगळ्यात शेवटी शोणक म्हणाला, “गाळ काढणारा!” ज्यानं धंद्याचं नाव घेतलं तो माणूस झाला. दरबारात इतकी गर्दी झाली, की राजा सिंहासनावरून उठून भिंतीशी उभा राहिला.

मग त्यानं मांत्रिकाकडे वळून विचारलं, “भस्मकेतू, तुझा धंदा कोणता?”

मांत्रिक हातातल्या चिरलेल्या दंडाकडे पाहू लागला.

“तुला तीन दिवस देतो,” राजा म्हणाला. “दंडाशिवाय.”

पुढे तराजू खरे झाले, पूल उभे राहिले, औषधाला औषधाचा वास आला. त्या संध्याकाळी शोणक मात्र दरबाराच्या दारात आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहत उभा होता.

“उत्पले, मला पुन्हा जमेल?”

“पलीकडच्या आळीची विहीर तुंबली आहे, दादा. पाटी धर.”

त्या भावंडांच्या हातांना जसं काम गवसलं, तसं ऐकणाऱ्यांच्या हातांनाही गवसो.